पिवळा झेंडा हलत असताना ओव्हरटेक केलं, तर दहा सेकंदांची शिक्षा पुरे का?

उद्यमबागकर (रविवार, रात्री १०:१५)

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय. दुपारपासून डोक्यातून विषय जात नाही.

आज आपल्याच तालुक्यात एका माळावर मोटारसायकलींची डर्ट रेस होती. कोणी भरवली, कुठल्या गावाला, ते लिहीत नाही. पोरं हौसेनं करतात, त्यांचं नाव खराब करायचं नाही. माझा भाचा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तो तिसऱ्या वळणावर झेंडा घेऊन उभा होता, म्हणून मीही गेलो.

सकाळी नवशिक्यांच्या गटात दोन पोरं एकाच वळणात शिरली. आतल्याचं मागचं चाक घसरलं आणि बाहेरचा पडला. त्याचं कॉलरबोन मोडलं. आतल्याला पंचांनी दिवसभरासाठी बाद केलं. पोरगं रडत होतं, मुद्दाम केलं नाही म्हणून सांगत होतं. मी तिथेच होतो, मला तरी ती चूक वाटली, खोड वाटली नाही.

दुपारी मोठ्या गटात भाच्याच्या वळणावर एक जण पडला. गाडी ट्रॅकवर आडवी. भाच्याने पिवळा झेंडा (पुढं धोका, हळू व्हा, ओव्हरटेक बंद) हलवायला घेतला आणि त्याचा मित्र गाडी उचलायला धावला. पुढचा स्वार झेंडा बघून हळू झाला. मागच्याने थ्रॉटल सोडलाच नाही. उलट पुढचा हळू झालाय हे बघून त्याला तिथेच मागं टाकलं आणि वाकून गाडी उचलणाऱ्या पोराच्या पाठीमागून हातभर अंतरावरून निघून गेला. कोणाला खरचटलंसुद्धा नाही. शिक्षा काय, तर एकूण वेळेत १० सेकंद वाढवले. ते धरूनही तो दुसरा आला आणि कप घेऊन घरी गेला.

कॉलरबोन मोडलं म्हणून एक बाद, आणि दुसऱ्याच्या बाबतीत नशिबाने काही झालं नाही म्हणून दहा सेकंद. हा न्याय आहे का? शिक्षा कृत्याला द्यायची की जे घडलं त्याला?

चिकोडी_एक्सप्रेस (रविवार, रात्री १०:३१)

काय ओ मामा, दहा सेकंद म्हणजे आमच्याकडं रेल्वे गेटवर लोक गाडी बंद करायलासुद्धा घेत नाहीत.

गेट_नंबर_दोन (रविवार, रात्री ११:०२)

मामा, तुमचा प्रश्न फॉर्म्युला वनमध्ये गेली कित्येक वर्षं भांडला जातोय.

२०२१, सिल्व्हरस्टोन. पहिल्याच फेरीत कॉप्स वळणावर मर्सिडीज टीमच्या हॅमिल्टनची गाडी रेड बुल टीमच्या व्हर्स्टापेनला लागली. व्हर्स्टापेन ५१ जी (गुरुत्वाकर्षणाच्या ५१ पट) इतक्या धक्क्याने भिंतीवर आदळला, तपासणीसाठी दवाखान्यात गेला. हॅमिल्टनला १० सेकंद. त्याने पिट स्टॉपला, म्हणजे चाकं बदलायला थांबला तेव्हा, ते भोगले, शेवटच्या फेऱ्यांत लक्लेर्कला गाठलं आणि शर्यत जिंकली. रेड बुलवाले भडकले की आमचा माणूस दवाखान्यात आणि तुमचा पोडियमवर. पंचांची बाजू अशी की आम्ही कृत्य बघतो, त्यातून काय घडलं ते बघत नाही.

त्याच वर्षी मोंझाला उलटं झालं. व्हर्स्टापेनची गाडी हॅमिल्टनच्या डोक्यावर चढली, हेलो नावाची ती डोक्यावरची टायटॅनियमची कमान होती म्हणून तो वाचला. शिक्षा, पुढच्या सोचीच्या शर्यतीत सुरुवातीच्या रांगेत तीन जागा मागे. व्हर्स्टापेनने सोचीला इंजिन बदललं, त्याची वेगळी शिक्षा म्हणून तो तसाही शेवटून निघणार होता. तीन जागांची शिक्षा विरून गेली. शेवटून निघून दुसरा आला.

म्हणून माझं मत दोन भागांत आहे. कृत्य बघायचं, हे तत्त्व बरोबर. पण दहा सेकंद हा आकडा वेगवान गाडीला काहीच नाही आणि मागच्या गाडीला सगळं काही आहे. शिक्षेचं वजन सगळ्यांना सारखं पडत नाही.

डर्टवाला_मच्छे (सोमवार, सकाळी ७:४०)

मी या पोरांच्या गाड्या तयार करतो, म्हणून दुसरी बाजू सांगतो. रागावू नका.

मामा, आठ फेऱ्यांच्या डर्ट रेसमध्ये दहा सेकंद खूप असतात. आणि धूळ किती असते ते बाहेरून कळत नाही. पुढच्या गाडीच्या चाकाची माती थेट गॉगलवर. उन्हात, त्या धुळीत पिवळा झेंडा मातीच्याच रंगाचा दिसतो. त्या पोराला दिसला नसेल असं मी म्हणत नाही, पण दिसलाच असेल असं तुम्हीही म्हणू नका.

दुसरं, ही पोरं कोण आहेत? कोणी गॅरेजात हेल्परी करतं, कोणी वडिलांच्या दुधाच्या पैशातून टायर घेतं. एक रेस म्हणजे प्रवेश फी, पेट्रोल, ब्रेक पॅड, चेन, टेम्पोचं भाडं. त्याला बाद केलं तर तीन महिन्यांची मेहनत मातीत. फॉर्म्युला वनवाल्याला पन्नास हजार युरो दंड केला तरी दुसऱ्या दिवशी त्याच्या घरची चूल पेटते.

चिकोडी_एक्सप्रेस (सोमवार, सकाळी ७:५५)

डर्टवाले अण्णा, माझ्या स्प्लेंडरची चेन कधी बघताय? तीन वेळा येऊन गेलो.

डर्टवाला_मच्छे (सोमवार, सकाळी ८:१०)

बुधवारी ये की. येताना चेन धुऊन आण, मागच्या वेळी अर्धा माळ त्यातच होता.

नंदिनी_खानापूर (सोमवार, दुपारी २:२०)

मी नर्स आहे, अपघात विभागात काम केलंय. डर्टवाले दादा, तुमच्या पोरांबद्दल मला मायाच आहे. पण एक गोष्ट कोणी बोलत नाही.

शर्यतीत पळणाऱ्याच्या डोक्यावर हेल्मेट असतं, छातीला गार्ड, गुडघ्याला गार्ड, पायात बूट. आणि गाडी उचलायला धावणारा पोरगा? टी-शर्ट आणि चप्पल. त्याला ना ट्रॉफी, ना टाळ्या. शर्यतीत उतरणाऱ्याने धोका स्वतःहून पत्करलेला असतो. झेंडेवाल्याने तो दुसऱ्याच्या भरवशावर पत्करलेला असतो.

म्हणून सकाळची टक्कर आणि दुपारचं ओव्हरटेक मला एका तागडीत घालता येत नाही. सकाळी दोघंही स्वार होते, दोघांनाही गार्ड होते. दुपारी एक जण निव्वळ माणूस होता, पाठमोरा आणि वाकलेला. पाठीच्या कण्याला तशा अवस्थेत मार बसला तर पुढं काय असतं ते मी वॉर्डात बघितलंय. ते पोरगं परत कधी उभं राहत नाही आणि आई रोज कूस बदलायला येते.

उद्यमबागकर (सोमवार, दुपारी २:४५)

नंदिनीताई, मला काल जे शब्दांत सापडत नव्हतं ते तुम्ही लिहिलंत.

गेट_नंबर_दोन (सोमवार, सायंकाळी ६:३०)

नंदिनीअक्कांच्या मुद्द्यावर.

२००० साली मोंझाला सुटलेलं चाक लागून आग विझवणारा मार्शल गेला. लगेच पुढच्या वर्षी, २००१ ला मेलबर्नला, तसंच चाक कुंपणाच्या फटीतून जाऊन आणखी एक मार्शल गेला. दोघंही स्वयंसेवक. फॉर्म्युला वनसारख्या श्रीमंत खेळातसुद्धा वळणावर उभी असलेली माणसं बहुतेक हौशीच असतात.

आणि २०१४ ची सुझुका. पाऊस, अंधारून आलेलं. सुटिलची गाडी बाहेर गेली, ती उचलायला ट्रॅक्टरसारखी क्रेन आत आली. तिथे दोन पिवळे झेंडे हलत होते. दोन झेंडे म्हणजे वेग चांगला कमी करा आणि थांबायची तयारी ठेवा. पुढच्याच फेरीत ज्यूल बियांकी त्याच ठिकाणी घसरला आणि क्रेनखाली गेला. नऊ महिने बेशुद्ध राहून जुलै २०१५ मध्ये वारला, वय २५. चौकशी समितीने म्हटलं की त्याने पुरेसा वेग कमी केला नव्हता. पण त्यावर थांबले नाहीत. २०१५ पासून व्हर्च्युअल सेफ्टी कार आणली. म्हणजे सगळ्यांच्या स्टिअरिंगवर एक ठरलेला वेळ दिसतो, त्यापेक्षा लवकर कोणी जायचं नाही. 'हळू जा' याचा अर्थ चालकाच्या मर्जीवर ठेवायचा नाही, तो आकड्यात बांधायचा.

मला वाटतं आपल्या मातीतल्या रेसची खरी गोची हीच आहे. 'पिवळा दिसला की हळू' म्हणजे किती हळू? प्रत्येक जण स्वतःच्या मनाने ठरवतो.

निपाणीचा_वकील (सोमवार, रात्री ९:१०)

मामांचा मूळ प्रश्न कायद्याच्या बाजूने बघू.

आपला फौजदारी कायदा दोन्ही बघतो, कृत्यही आणि परिणामही. रस्त्यावर बेदरकारपणे गाडी हाकली, कोणाला काही झालं नाही, तरी भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ खाली गुन्हा, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजारापर्यंत दंड, किंवा दोन्ही. तशाच हाकण्यात माणूस मेला तर कलम १०६, पाच वर्षांपर्यंत. चालकाचं मन दोन्ही वेळी एकच, हात एकच, फरक पडतो तो समोर कोणी होतं की नव्हतं याने. मी तीस वर्षं कोर्टात हा प्रश्न ऐकतोय आणि कायद्याने परिणाम मोजण्यात चूक केली असं मला वाटत नाही. ज्याच्या घरचं माणूस गेलं त्याला 'कृत्य तेच होतं' हे सांगून समाधान होत नाही.

तेव्हा परिणाम अजिबात बघायचाच नाही, हे गेट नंबर दोन यांचं म्हणणं मला मान्य नाही. पण सकाळच्या पोराचं बाद होणं चुकीचं आहे, ते वेगळ्या कारणाने. तिथे बेदरकारपणाच नव्हता. आधी दोष असावा लागतो, मग परिणामाने तो वाढतो. दोष शून्य असेल तर परिणामाने गुणून उत्तर शून्यच.

पुणे_व्हाया_संकेश्वर (सोमवार, रात्री १०:०५)

वकीलसाहेबांचा गुणाकार आवडला.

दोषाच्याही पायऱ्या आहेत की नाही? २०१८ मध्ये मिसानोला मोटो२ या मोटारसायकल शर्यतीत रोमानो फेनातीने दोनशेपेक्षा जास्त वेगात शेजारच्या मान्झी या स्वाराचा ब्रेक लिव्हर हाताने दाबला. मान्झी पडला नाही, कोणाला काही झालं नाही. पंचांनी दोन शर्यतींची बंदी घातली, टीमने तर काढूनच टाकलं. परिणाम शून्य, तरी शिक्षा मोठी, कारण हेतू उघड होता.

अमेरिकेत नॅस्कर या मोटारींच्या शर्यतीत २०२२ ला बबा वॉलेसने लास व्हेगासला रागाने लार्सनची गाडी ठोकली, एक शर्यत बंदी. पुढच्या वर्षी चेस एलियटने शार्लटला हॅम्लिनला ठोकलं, त्यालाही एक शर्यत. एलियट तिथला सगळ्यांत लाडका चालक. तरी सोडला नाही.

मामांच्या गोष्टीतल्या स्वाराने झेंडा बघून मग ओव्हरटेक केलं असेल, तर तो फेनातीच्या जवळ जातो. न बघता केलं असेल तर बियांकीच्या जवळ. सगळं त्यावर आहे.

येळ्ळूरचा_शर्यतबाज (मंगळवार, सकाळी ६:५०)

राम राम. मी बैलवाला माणूस, मोटारीतलं कळत नाही. पण शर्यतीतलं कळतंय.

आमच्याकडं रिकामी गाडी पळवायची शर्यत असते. एका वेळी एकच जोडी, घड्याळ लावून, अंतर फुटात मोजायचं. त्यात दुसऱ्याला आडवं जायचा प्रश्नच नाही. धोका असतो तो बघणाऱ्यांना. लोक दोरीच्या आत येतात, बैल बुजला की गाडी सरळ माणसांत. २०१४ ला सुप्रीम कोर्टानं शर्यती बंद केल्या, कर्नाटकानं २०१७ ला कायदा बदलला, आणि २०२३ च्या मे महिन्यात घटनापीठानं तो मान्य केला. त्या सगळ्या वर्षांत आम्ही एक शिकलो. नियम मोडणाऱ्या एकाला सोडलं तर बंदी सगळ्यांवर येते.

म्हणून आमच्या गावात पंचाचं एकच. बैलाला टोचलं किंवा शेपटी पिरगाळली तर गाडी बाद. फूट कापत नाही, सेकंद वाढवत नाही. बैलाला जखम झाली का नाही ते बघत बसत नाही. हातात खिळा दिसला, विषय संपला. त्यामुळं वाद होत नाहीत आणि गरीब-श्रीमंत सगळ्याला एकच.

डर्टवाला_मच्छे (मंगळवार, सकाळी ८:३०)

शर्यतबाज काका, खिळा हातात असतो, तो दिसतो. झेंडा बघितला की नाही हे डोक्यातलं कसं दिसणार?

येळ्ळूरचा_शर्यतबाज (मंगळवार, सकाळी ९:०५)

बाळा, पुढचा स्वार हळू झाला ना? त्याला दिसला. त्याच्याच मागनं येणाऱ्याला, पुढचा का हळू झाला एवढं तरी कळाय पाहिजे. हायवेवर पुढची गाडी अचानक ब्रेक मारती तेव्हा आपण काय करतोय? ब्रेकच मारतोय की.

चिकोडी_एक्सप्रेस (मंगळवार, सकाळी ९:१२)

बेळगाव पासिंगचे केए २२ वाले हॉर्न मारतात.

संध्या_टिळकवाडी (मंगळवार, सकाळी ११:४०)

हायवेचा विषय निघाला म्हणून. वंटमुरी घाट उतरताना एकदा रस्त्याचं काम चालू होतं. एक बाई, साडीवर तो नारिंगी जॅकेट घालून, हिरवा-लाल झेंडा दाखवत होती. माझ्यासमोर तीन गाड्या तिच्या अंगावरून गेल्यासारख्या गेल्या. त्या बाईने एकदा झेंडा खाली करून कडेला उडी मारली, परत उभी राहिली. रोजची सवय असल्यासारखी. मी गाडी थांबवली तर मागचा मलाच शिव्या देत गेला.

तेव्हा रेसमधल्या पोराला आपण बोलतोय, पण तो हे रस्त्यावरच शिकलेला आहे. शर्यत ही एकच जागा आहे जिथे कोणीतरी बघत असतं आणि शिक्षा होऊ शकते. तिथे तरी ती झाली पाहिजे.

हिंडलग्याचा_राजू (मंगळवार, दुपारी १:१५)

पॉइंट सिस्टिम लावा ना. फॉर्म्युला वनमध्ये २०१४ पासून लायसन्सवर पॉइंट चढतात, १२ महिन्यांत १२ झाले की एक शर्यत बाहेर. ट्रॅफिक चलनासारखं. पहिल्या चुकीला माणूस बरबाद होत नाही, सवय असेल तर सापडतो. डर्टवाल्या अण्णांचीही अडचण सुटली.

गेट_नंबर_दोन (मंगळवार, सायंकाळी ७:००)

राजू, कागदावर छान आहे, पण बंदी पहिल्यांदा कोणाला लागली बघ. २०२४ मध्ये केविन मॅग्नुसन. मोंझाला गॅस्लीला किरकोळ धक्का, दोन पॉइंट, बारा भरले, बाकूची शर्यत गेली. त्या धक्क्याचं गॅस्लीलाही काही वाटलं नव्हतं. आणि व्हर्स्टापेन हॅमिल्टनच्या डोक्यावर चढला त्याचेही दोनच पॉइंट. म्हणजे पाच-सहा बारक्या चुका मिळून बंदी, आणि एका भयंकर गोष्टीला बंदी नाही.

जुन्या काळात पंच थेट बाहेर काढायचे. १९८९ ला पोर्तुगालमध्ये मॅन्सेलने काळा झेंडा (शर्यत सोडून बाहेर या) पाळला नाही, पुढची शर्यत बंद. २०१२ ला स्पाला ग्रोजाँने सुरुवातीलाच चार गाड्या घेऊन अपघात केला, एक शर्यत बंद आणि ५० हजार युरो दंड. ग्रोजाँच्या वेळी पंचांनी परिणामही धरला होता, हे वकीलसाहेबांच्या बाजूने जातं, मान्य करतो.

पुणे_व्हाया_संकेश्वर (मंगळवार, रात्री ८:२०)

सुझुकाचं अजून एक राहिलं. २०२२, तोच ट्रॅक, तोच पाऊस. शर्यत थांबवण्याच्या गडबडीत ट्रॅकवर परत क्रेन. गॅस्ली तिच्या शेजारून गेला आणि रेडिओवर ओरडला. बियांकी त्याच्या ओळखीचा होता, त्याच्याच देशाचा. आणि नंतर त्यालाच २० सेकंद आणि दोन पॉइंट, कारण लाल झेंडा लागल्यावर तो अडीचशेच्या वेगाने गेला होता.

मला त्या दिवशी दोन्ही गोष्टी खऱ्या वाटल्या. त्याचा वेग जास्तच होता. आणि गाड्या ट्रॅकवर असताना क्रेन आत सोडणाऱ्यांना कोणी सेकंद लावले नाहीत. चालकाला शिक्षा करणं सोपं असतं, आयोजकाला कोण करणार?

नंदिनी_खानापूर (मंगळवार, रात्री ९:००)

हे वाचून थांबले. मामा, त्या दिवशी पडलेली गाडी उचलायला पोराला कोणी पाठवलं होतं? बाकीच्या गाड्या पळत असताना?

उद्यमबागकर (मंगळवार, रात्री ९:२५)

ताई, याचं उत्तर माझ्याकडे नाही. भाच्याला विचारतो. तोच लिहील म्हणतोय.

झेंडा_तिसरं_वळण (मंगळवार, रात्री ११:५०)

मामांचा भाचा. इथे पहिल्यांदाच लिहितोय.

मामांनी लिहिलंय ते खरं आहे, पण सगळं नाही. घरी सांगितलं नव्हतं.

मी झेंडा उशिरा हलवला. तो स्वार पडला तेव्हा मी आधी त्याच्याकडेच बघत राहिलो, उठतोय का ते. दोन-तीन सेकंद गेले असतील. मग झेंडा वर केला. पुढच्याला तो समोरून दिसला. मागचा तोपर्यंत वळणात शिरला होता. आणि मी वळणाच्या आत उभा होतो, पडलेल्या गाडीच्या शेजारीच. झेंडा अपघाताच्या आधी दिसला पाहिजे, म्हणजे मी वळणाच्या अलीकडे उभा पाहिजे होतो. हे मला आता या धाग्यावर दोन झेंड्यांचं वाचताना कळतंय. सकाळी आम्हाला झेंडे वाटले आणि कुठे उभं राहायचं ते हाताने दाखवलं, एवढंच.

मित्राला कोणी पाठवलं नाही. मीच 'जा, उचल' म्हणालो.

ब्रीफिंग इंग्रजीत झालं. गोकाककडून आलेली पोरं शेजाऱ्याला कन्नडमध्ये विचारत होती, आमच्यातले मराठीत. तो स्वार मला नंतर भेटला. 'पिवळा म्हणजे सावध, ओव्हरटेक बंद हे मला माहीत नव्हतं' म्हणाला. मला ते खोटं वाटलं नाही. पण मित्र वाकलेला त्याला दिसला होता, हेही त्यानेच सांगितलं. दिसला म्हणून थोडा डावीकडून काढली म्हणाला. माणूस दिसल्यावर तरी थ्रॉटल सोडायचा ना. त्याला कुठला झेंडा लागतो?

शिक्षा त्याला झाली पाहिजे असं मला अजून वाटतं. पण तो कप परत घेऊन विषय संपवू नका. मीही चुकलोय.

नंदिनी_खानापूर (बुधवार, सकाळी ६:१५)

बाळा, तू हे लिहिलंस ते फार मोठं काम केलंस. झोप लागली का रात्री?

झेंडा_तिसरं_वळण (बुधवार, सकाळी ७:३०)

थोडी, मावशी.

निपाणीचा_वकील (बुधवार, सकाळी १०:००)

भाचेसाहेब, साक्ष अशीच द्यायची असते. आता दोषाची वाटणी करता येते. झेंडा उशिरा आणि चुकीच्या जागी, तो आयोजकांचा दोष. तुमचा थोडा, कारण शिकवलं नव्हतं. झेंड्याचा अर्थ न समजणं, तोही बराचसा आयोजकांचा. पण वाकलेला माणूस दिसूनही वेग न सोडणं, तो सर्वस्वी स्वाराचा. तेवढ्या एका गोष्टीसाठी त्याला दहा सेकंद कमीच आहेत. मी त्या शर्यतीचा निकाल त्याच्यापुरता रद्द केला असता.

गेट_नंबर_दोन (बुधवार, सकाळी ११:२०)

वकीलसाहेबांना अनुमोदन. आयोजक-टीमला शिक्षा होते, अशी उदाहरणं आहेत. २०१८ ला बाहरीनला फेरारीने मागचं चाक बदलून व्हायच्या आत रायकोनेनला सोडलं, मेकॅनिकचा पाय मोडला. ५० हजार युरो दंड टीमला झाला. २०२४ ला कॅनडात पेरेझ मोडकी गाडी, तुकडे सांडत पिटपर्यंत घेऊन आला. सगळ्यांना हळू करणारी सेफ्टी कार लागू नये म्हणून टीमनेच गाडी आणायला सांगितली होती. त्याला तीन जागा मागे आणि टीमला २५ हजार युरो. दोघांनाही.

डर्टवाला_मच्छे (बुधवार, दुपारी १२:४५)

सोमवारी मी जे लिहिलं त्यातला धुळीचा मुद्दा मागे घेत नाही. पण 'दिसला म्हणून डावीकडून काढली' हे वाचून गप्प झालो. तो स्वार बहुतेक माझ्या ओळखीचा आहे. नाव विचारू नका. त्याची गाडी सर्व्हिसला येईल तेव्हा मी बोलणार आहे. पोरगं वाईट नाही, कोणी कधी समोर बसवून सांगितलंच नाही.

शिक्षेचं म्हणाल तर पैशाचा दंड नको. आमच्या पोरांना तो मोडतो आणि बागायतदाराच्या पोराला लागत नाही. शर्यतबाज काकांचं बरोबर आहे, झेंड्याखाली ओव्हरटेक म्हणजे त्या शर्यतीतून बाद. गरीब-श्रीमंत सगळ्याला तेच.

हिंडलग्याचा_राजू (बुधवार, दुपारी १:०५)

फिनलंडमध्ये वेगाचा दंड कमाई बघून लावतात. नोकियाच्या एका मोठ्या अधिकाऱ्याला २००२ मध्ये मोटारसायकल जोरात चालवल्याबद्दल एक लाख सोळा हजार युरो लागले होते. पण आपल्या रेसमध्ये कोणाची कमाई कोण विचारणार. बाद हेच बरं.

उद्यमबागकर (शुक्रवार, रात्री ९:३०)

काल संध्याकाळी आयोजकांकडे जाऊन आलो. भाचा बरोबर होता. भांडायला गेलो नव्हतो. चहा झाला, दीड तास बसलो.

भाच्याने स्वतःच सुरुवात केली, मी उशीर केला म्हणून. त्यामुळे त्यांनीही हात झटकले नाहीत. पुढच्या वेळी ब्रीफिंग कन्नड आणि मराठी दोन्हीत, प्रत्येक झेंडा हातात धरून दाखवायचा, हे त्यांनी मान्य केलं. झेंडेवाला वळणाच्या अलीकडे उभा राहील आणि गाडी उचलायला दुसरा माणूस शिट्टी वाजल्याशिवाय आत जाणार नाही, हेही मान्य. आम्ही म्हटलं, स्वार अडकलेला असेल तर शर्यतच थांबवा. त्यावर होय म्हणाले.

अडलं ते शिक्षेवर. झेंड्याखाली ओव्हरटेक म्हणजे त्या शर्यतीतून बाद, यावर त्यांचं म्हणणं की नोंदणी कमी होईल, मुलं दुसऱ्या गावच्या रेसला जातील. मी म्हटलं, त्या पोराच्या पाठीला चाक लागलं असतं तर रेसच राहिली नसती. ते विचार करतो म्हणाले. दुसऱ्या क्रमांकाचा कप आहे तिथेच आहे. सकाळी बाद केलेल्या पोराला मात्र पुढच्या वेळी प्रवेश फी माफ केली आहे, हे त्यांनी आपण होऊन सांगितलं. मला बरं वाटलं.

मी स्वतः काय करू शकतो ते करतोय. कारखान्यात पाईपचे स्टँड बनवायला घेतलेत, कमरेएवढे, वर झेंडा अडकवायला हूक आणि मागे जाड जाळी. सहा वळणं आहेत, सहा स्टँड. डर्टवाले अण्णा, झेंड्याचा रंग तुम्ही सांगा. तुम्हीच म्हणालात पिवळा मातीत मिसळतो. मग कसला पिवळा घेऊ?

डर्टवाला_मच्छे (शुक्रवार, रात्री ९:५०)

मामा, ते रस्त्यावरच्या जॅकेटचं चमकणारं पोपटी-पिवळं असतं ना, ते घ्या. धुळीतपण उठून दिसतं. आणि झेंडा मोठा करा, निदान दोन फूट.

संध्या_टिळकवाडी (शुक्रवार, रात्री १०:०५)

तसलं कापड खडेबाजारात बघते. सहाच पुरतील का? झेंडे फाटतात. मी बारा शिवून देते.

येळ्ळूरचा_शर्यतबाज (शनिवार, सकाळी ६:३०)

शिट्टी आमच्याकडची घ्या. पंचाची हाय, हलगी वाजत असताना पण ऐकू येती. भाच्याला पाठवा, घरीच हाय मी.